टेप काढला आणि कातडी निघाली: कमी दिवसांच्या बाळाचं असं का होतं?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आपल्या देवरी, सालेकसाकडून कमी दिवसांचं बाळ गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात आणलं जातं. अशा कुठल्याही दवाखान्यात, काचेच्या पेटीतल्या बाळाच्या गालावर जखम दिसली की घरचे हादरतात. कुणी काही केलं का? मी इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ म्हणजे कमी दिवसांचं. कातडीचा सगळ्यात वरचा थर ही शरीराची फायरवॉल समजा. पूर्ण दिवसांच्या बाळात त्या थराचे १० ते २० पदर असतात. ३० आठवड्यांआधीच्या बाळात जेमतेम २-३. त्यात वरची आणि खालची कातडी एकमेकींना धरून ठेवणारे दुवेही कच्चे. त्यामुळे टेपची पकड कातडीच्या स्वतःच्या पकडीपेक्षा घट्ट ठरते. टेप ओढला, की कातडीच सोबत येते.

टेप हे एक कारण झालं. श्वासासाठी लावलेल्या सीपॅपचा नाकावर दाब पडतो. ऑक्सिजन मोजणारा सेन्सर एकाच जागी राहिला तर तिथे व्रण पडतो. सलाईन शिरेबाहेर झिरपलं तर सूज येते, कधी आतलं मांसही खराब होतं. स्पिरिटनेसुद्धा भाजू शकतं. म्हणजे ज्या गोष्टी बाळाला जगवतात, त्याच कातडीला जड जातात.

आणि ही जखम वरवरची नसते. तिथून पाणी आणि ऊब बाहेर जाते, जंतू आत शिरतात, थेट रक्तापर्यंत.

म्हणून चांगली नर्स टेप कमीत कमी लावते, काढताना ओल्या कापसाने भिजवत हळूहळू सोडवते, सेन्सरची जागा बदलते, सलाईनची जागा पुन्हा पुन्हा तपासते. जन्मानंतर २ ते ४ आठवड्यांत ही फायरवॉल बरीच पक्की होते. अगदीच लवकर जन्मलेल्या बाळाला जास्त वेळ लागतो.

तुम्ही काय करायचं? हात धुवा. डॉक्टर हो म्हणाले की बाळाला उघड्या छातीशी धरा. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. तिने ऊब टिकते, जंतुसंसर्गही कमी होतो. लाल चट्टा किंवा सूज दिसली तर लगेच सिस्टरला दाखवा. विचारणं म्हणजे भांडणं नव्हे. टेप स्वतः काढू नका. जखमेवर हळद, पावडर लावू नका. घरी आल्यावर शेगडीचा शेकही नको.

घरी जखमेत पू दिसला, बाळ दूध ओढेना किंवा अंग गार पडलं, तर थांबू नका. १०८ ला फोन लावा.

ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!