हातमोजेवाले आजोबा

२० जानेवारी २०२१. वॉशिंग्टनमध्ये बायडेन यांच्या शपथविधीला मंडळी नटूनथटून आलेली. सिनेटर बर्नी सँडर्स मात्र घडीच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून, हाताची घडी घालून बसलेले. तोंडाला मास्क, हातात ढगळ लोकरी मोजे. व्हरमाँटच्या एका शिक्षिकेने जुन्या स्वेटरांतून शिवलेले. जणू रेशनच्या रांगेतले आजोबाच!

ब्रेंडन स्मिआलोव्स्की यांनी टिपलेला हा फोटो बघता बघता जगभर पसरला.

कारण सोपं होतं. आकृती खुर्चीसकट सुटी, त्यामुळे कातरून कुठेही चिकटवता येणारी. कुणी त्यांना ‘द लास्ट सपर’च्या पंगतीत बसवलं, कुणी चंद्रावर. एका विद्यार्थ्याने तर गूगल स्ट्रीट व्ह्यू वापरून, पत्ता टाकला की बर्नी तिथे हजर, अशी सोयच केली. सँडर्सही मागे राहिले नाहीत: फोटो छापलेले स्वेटशर्ट वगैरे विकून त्यांनी व्हरमाँटमधल्या सेवाभावी संस्थांसाठी १८ लाख डॉलर जमवले.