पेसा नाही, पण वनहक्क आहे

वेरूळ-कन्नड परिसरातल्या भिल्ल वस्त्यांना काय लागू?

• पेसा कायदा (१९९६) : फक्त संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रासाठी. मराठवाड्यात असे क्षेत्र नांदेड जिल्ह्यातच, किनवटकडे. त्यामुळे पेसा ग्रामपंचायतींचा ५ टक्के अबंध निधी इथे येत नाही.

• वनहक्क कायदा (२००६) : इथेही लागू. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली वनजमीन, कमाल ४ हेक्टर.

• दावा : ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, पुढे उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समिती.

• पुरावे : किमान दोन. गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाबही चालतो, मात्र तो स्वतः दावेदार नसावा.

• सामूहिक हक्क : याच कायद्याखाली गावालाही मिळतात; गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये मिळवले.

दावा फेटाळला तर ६० दिवसांत अपील करा.