हौद्याचे अस्तर आणि हौद्याचा टप

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो सध्या अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात नोकरी करतो. त्याने नुकतीच एक पिकअप गाडी विकत घेतली होती. तिच्यामागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडायचा आणि सुटीत बायकोमुलांसह डोंगरात मुक्कामाला जायचे, असा त्याचा बेत होता. त्याने लिहिले होते, "सर, गाडीच्या हौद्यात अस्तर बसवायचे आहे आणि वर टप. दुकानात नाना प्रकार दाखवतात. पण रंग आणि किंमत यांपलीकडे कोणी काही सांगत नाही. कोणते घेऊ?" आणि पत्राच्या शेवटी एक ओळ होती : "टप बसला की प्रवासात मुलांना त्याखाली गादी टाकून झोपता येईल."

ही शेवटची ओळ वाचून मी त्याला त्याच दिवशी उत्तर पाठवले. का, ते पुढे कळेलच.

मी काही मोटारींच्या धंद्यातला माणूस नाही. पण त्याचा प्रश्न दुकानदारापेक्षा तुमच्या आमच्या वर्गातला अधिक आहे. घर्षण, प्रसरण, स्थितिक विद्युत, तरफ आणि वाऱ्याचा प्रवाह हे सारे धडे त्या एका हौद्यात एकत्र येतात. चला, एकेक पाहू या.

आधी वस्तूंची ओळख करून घेऊ. आपल्याकडे भाजीपाला वाहणारी पिकअप तुम्ही पाहिली आहेच. पुढे बसायची जागा, मागे उघडा पत्र्याचा हौदा आणि हौद्याला मागून खाली पडणारा फाळका. अमेरिकेत अशा गाड्या घरोघरी वापरतात. हौद्याचा पत्रा खरचटू नये, गंजू नये म्हणून आतून जे आवरण घालतात ते अस्तर. ते तीन प्रकारचे असते : साच्यात घडवलेले कडक प्लॅस्टिकचे, नुसते अंथरायचे रबरी, आणि पत्र्यावर फवारून घट्ट चिकटवलेले. हौद्यावर जे झाकण येते त्यातही प्रकार आहेत. फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा, खिडक्या असलेला उंच टप हा एक. आणि हौद्याच्या काठांवर ताणून बसवायचे मऊ, सपाट आच्छादन हा दुसरा.

घसरणारे सामान, ताणणारे अस्तर

समजा, गाडीने जोराचा ब्रेक लावला आणि तिचा वेग दर सेकंदाला सेकंदास ४ मीटर या दराने घटू लागला. हौद्यातल्या पेटीला गाडीबरोबर थांबवणार कोण? तिच्या तळाशी असलेले घर्षण. गुरुत्वत्वरण १० धरले, तर त्यासाठी घर्षण गुणांक किमान ४ भागिले १०, म्हणजे ०.४ हवा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या पेटीचा गुणांक ०.२ ते ०.३ च्या आसपास भरतो. रबरावर तो ०.६ किंवा त्याहून अधिक. म्हणजे पहिल्या अस्तरावर पेटी पुढे धावत जाऊन आदळणार, दुसऱ्यावर जागची हलणार नाही. पेटीचे वजन या हिशोबात कोठेच आले नाही, हेही ध्यानात घ्या. जड पेटी घसरत नाही, ही समजूत चुकीची आहे. अस्तर कोणतेही असो, सामान दोरीने बांधलेच पाहिजे.

आता प्रसरण. डेन्व्हरला हिवाळ्यात पारा शून्याखाली १५ अंशांवर आणि उन्हाळ्यात ३५ अंशांवर जातो. फरक ५० अंशांचा. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागाच्या १२ पट वाढते. या कामाचे प्लॅस्टिक सुमारे १५० पट. हौदा २ मीटर लांब धरला, तर पत्रा सव्वा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही आणि प्लॅस्टिक मात्र १५ मिलिमीटर वाढते. म्हणून घडीव अस्तर पत्र्याला घट्ट चिकटून राहूच शकत नाही. मधल्या फटीत पाणी आणि रेती शिरते, गाडीच्या थरथरण्याने रेती रंग घासून काढते आणि अस्तराखाली गुपचूप गंज धरतो. संरक्षणासाठी घातलेले अस्तरच रोग झाकून ठेवते! फवारलेल्या अस्तरात ही फट नसते. रबरी अस्तर अधूनमधून उचलून खालचा पत्रा वाळवता येतो.

पाव मिलिज्यूलची ठिणगी

मुक्कामावर वीज नसते. म्हणून ही मंडळी लहान जनरेटर नेतात आणि त्यासाठी पेट्रोलचा डबा बरोबर ठेवतात. पंपावर गेल्यावर डबा खाली उतरवण्याचा कंटाळा येतो आणि हौद्यातच तो भरला जातो. इथे धोका आहे.

पेट्रोल नळीतून वाहताना नळीशी होणाऱ्या स्पर्शाने त्यावर विद्युतभार तयार होतो. डबा जमिनीवर असेल तर हा भार जमिनीत निघून जातो. पण डब्याखाली प्लॅस्टिकचे अस्तर असेल, तर ते विद्युतरोधक असल्यामुळे भार डब्यावर साचत राहतो. डबा धातूचा असेल तर धोका अधिकच, कारण धातूवरचा सारा भार एका क्षणात, एकाच ठिकाणाहून उडी मारू शकतो. पंपाची तोटी भूमीशी जोडलेली असते. डब्याचे तोंड आणि तोटी यांत केसभर अंतर राहिले की ठिणगी!

ही ठिणगी केवढी? डब्याची धारिता २० पिकोफॅरड आणि विभव ५,००० व्होल्ट धरा. ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले विभवाचा वर्ग, त्याचे निम्मे. उत्तर येते ०.२५ मिलिज्यूल. एक ग्रॅमचे वजन अडीच सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. पण पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य प्रमाणातले मिश्रण पेटायला साधारण एवढीच पुरते. असे अपघात खरोखर घडल्यामुळे अमेरिकेच्या 'निऑश' या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९९८ मध्ये खास इशारा काढला : प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या हौद्यात डबा ठेवून पेट्रोल भरू नका, तो जमिनीवर ठेवा. रबरी आणि फवारलेली अस्तरेही साधारणपणे विद्युतरोधकच असतात. तेव्हा नियम सर्वांना एकच लावावा.

बैलगाडीवाल्याचे शहाणपण

आता ट्रेलरकडे वळू. खेड्यातल्या विद्यार्थ्यांना 'उलाळ' हा शब्द माहीत असेल. बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय ठरत नाहीत. म्हणून जाणता गाडीवान थोडा भार बैलांच्या मानेवर येईल अशी गाडी भरतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या दांडीचा थोडा भार ओढणाऱ्या गाडीवर यावाच लागतो. साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. तो कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढून नेतो.

समजा, ट्रेलर २,५०० किलोग्रॅमचा आहे. १२ टक्क्यांनी दांडीचा भार ३०० किलोग्रॅम. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, पण बोलण्याच्या सोयीसाठी आपण येथे ते भारासाठी वापरू. हा भार मागच्या चाकांच्या वर येत नाही, तर त्यांच्याही दीड मीटर मागे, गाडीच्या शेवटी असलेल्या गोळ्यावर येतो. मागची चाके म्हणजे टेकू आणि गाडी म्हणजे तरफ. पुढची चाके टेकूपासून ३.६ मीटरवर आहेत. तेव्हा पुढच्या चाकांवरचा भार ३०० गुणिले १.५ भागिले ३.६, म्हणजे १२५ किलोग्रॅमने कमी होतो आणि मागच्या चाकांवरचा ४२५ किलोग्रॅमने वाढतो. गाडी उलाळ होऊ पाहते! गाडी वळते पुढच्या चाकांनी, आणि थांबवण्याचे बरेचसे कामही तीच करतात. ती हलकी झाली की गाडी सांगितलेले ऐकत नाही. भार पुन्हा पुढे वाटणारी स्प्रिंगची हिच मिळते. पण तिने गाडीची वाहण्याची मर्यादा वाढत नाही.

ही मर्यादा गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते. ती ७०० किलोग्रॅम आहे असे धरून माझ्या विद्यार्थ्याचा हिशोब मांडू. घरची चौघे मिळून २४०. जनरेटर, पाणी, पेट्या १००. दांडीचा भार ३००. झाले ६४०. आता रबरी अस्तर. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि साडेनऊ मिलिमीटर जाड रबराचे आकारमान काढा, त्याला १,२०० या घनतेने गुणा. वजन ३४ किलोग्रॅम येते. चाकांवरच्या उंचवट्यांसाठी कापलेला भाग वजा करून ३० धरू. बेरीज ६७०. उरले ३०.

फायबरग्लासचा उंच टप सुमारे ९० किलोग्रॅम भरतो. बेरीज ७६०, आणि मर्यादा ओलांडली गेली. शिवाय हौदा मागच्या चाकांच्या भोवतीच असल्यामुळे टपाचे जवळजवळ सारे वजन, आधीच दबलेल्या त्या चाकांवरच येणार. मऊ आच्छादन २० किलोग्रॅमचे. बेरीज ६९०. दुकानात जे दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवलेले असतात, त्यांतला एक गणितात बसतो आणि दुसरा बसत नाही. ट्रेलर नसता तर दोन्ही बसले असते!

मोठ्या ट्रेलरसाठी हौद्याच्या आतच, मागच्या आसाच्या वर जोडणी बसवतात. तिला 'पाचवे चाक' म्हणतात. तेथे टपाचा प्रश्नच उरत नाही, कारण जागा ट्रेलरच्या मानेला लागते. आणि घडीव अस्तरही कापावे किंवा काढावे लागते, कारण जोडणी पोलादी सांगाड्यालाच आवळलेली हवी.

वारा आणि ती शेवटची ओळ

टपाने वाऱ्याचा रोध घटतो आणि पेट्रोल वाचते, असे विकणारे सांगतात. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, हे खरे. म्हणून गाडीच्या आकाराला महत्त्व आहे. पण उघड्या हौद्यात फाळका बंद असताना हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि वरचा वारा त्या भोवऱ्यावरून बराचसा सरकून जातो. म्हणूनच फाळका पाडून गाडी हाकल्याने पेट्रोल वाचत नाही. सपाट आच्छादनाने थोडा फायदा होतो. मात्र मागे उंच ट्रेलर असेल तर त्याची भिंतीसारखी छाती वाऱ्याला सामोरी जातेच. त्या रोधापुढे टपाने केलेली बचत ती किती!

आता मुलांच्या गादीकडे वळू. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे भोवरे तयार होतात. मागे सुटलेला धूर या भोवऱ्यांत अडकतो आणि फटींतून टपाखाली ओढला जातो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट ओढीने जखडतो. झोपलेले मूल गुदमरते आहे हे पुढे बसलेल्या आईवडिलांना कळतही नाही. मूल शांत झोपले आहे असेच त्यांना वाटते. १९९२ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी अशा २० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ती सर्व पिकअपच्या हौद्यातून प्रवास करीत होती. १७ जण बंद, कडक टपाखाली आणि ३ ताडपत्रीखाली. १५ मुले बेशुद्ध झाली. एक दगावले. ज्या टपाने ऊन, पाऊस आणि वारा अडवला, त्यानेच विष आत कोंडून ठेवले.

माझे उत्तर थोडक्यात असे होते : "हौद्यात रबरी अस्तर अंथर आणि पावसानंतर ते उचलून पत्रा वाळव. टपाऐवजी हलके, सपाट आच्छादन घे. पेट्रोलचा डबा नेहमी जमिनीवर ठेवून भर. ट्रेलर जोडून, सर्वांना बसवून एकदा वजनकाट्यावर गाडी ने आणि पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. आणि मुलांना हौद्यात कधीही बसवू नकोस, टप असो वा नसो."

महिन्याभराने त्याचे उत्तर आले. वजनकाट्यावर मर्यादेच्या आत ८ किलोग्रॅम उरले होते. मुले मधल्या आसनावर पट्टे बांधून बसली होती आणि सारखी भांडत होती, अशी त्याने तक्रार केली होती. भांडणारी मुले जागी असतात, असे मी त्याला कळवले.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. एका फळीवर प्लॅस्टिकची फाइल आणि सायकलच्या ट्यूबचा उभा कापून पसरलेला तुकडा शेजारी शेजारी चिकटवा. दोन्हींवर एकसारख्या काड्यापेट्या ठेवा आणि फळी एका बाजूने सावकाश उचला. पेटी घसरू लागेल त्या क्षणी फळीच्या उचललेल्या टोकाची उंची आणि जमिनीवरचे आडवे अंतर मोजा. उंची भागिले अंतर, हाच घर्षण गुणांक. मग पेटीत वाळू भरून तोच प्रयोग पुन्हा करा. कोन बदलतो का? आधी अंदाज वहीत लिहून ठेवा आणि मगच फळी उचला.