अपडेटनंतर अडखळणारा व्हिडिओ

लिनक्स अपडेट केलं आणि ब्राउझरमधला व्हिडिओ अडखळू लागला, पंखा घोंघावू लागला, की दोनच निष्कर्ष चटकन निघतात: लॅपटॉप म्हातारा झाला, नाहीतर लिनक्सच कुचकामी. दोन्ही बहुधा चुकीचे असतात. यंत्राची ताकद कालइतकीच आहे. फक्त काम भलत्याच्या गळ्यात पडलं आहे. दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये खास भाग असतो. कर्नेल (लिनक्सचा गाभा), ड्रायव्हर आणि ब्राउझर या साखळीतली एक कडी निसटली की ब्राउझर तेच काम मुकाट्याने मुख्य प्रोसेसरकडे सोपवतो. व्हिडिओ चालतो, म्हणूनच बिघाड कुठे आहे ते लक्षात येत नाही.

ते तपासणं मात्र सोपं आहे. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट-क्लिक करून आकडेवारी उघडावी. बफर भरलेला असूनही फ्रेम गळत असतील, तर इंटरनेटला दोष देण्यात अर्थ नाही. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:सपोर्ट' या पानावर वेबरेंडरपुढे 'सॉफ्टवेअर' लिहिलेलं दिसलं, तर ग्राफिक्स चिप कामाबाहेर आहे. तिथे सगळं ठीक असेल, तर 'व्हीएइन्फो' ही आज्ञा ड्रायव्हर कोणते व्हिडिओ प्रकार उलगडू शकतो ते सांगते. कारणं ठरावीक असतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधलं गेलेलं नसतं, किंवा सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेलं मॉड्यूल अडवलं जातं. कधी कारण कायद्याचंही असतं. २०२२ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाने पेटंटच्या धास्तीने आपल्या मेसा ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ प्रकारांची हार्डवेअर सोय काढली. एएमडी कार्डवाल्यांना याचा फटका बसला. यंत्र शाबूत होतं. आरपीएम फ्यूजन या वेगळ्या पॅकेज-भांडारातून 'फ्रीवर्ल्ड' पॅकेज घेतलं की ती सोय परत मिळत होती.

मग अपडेटच करू नये का? हा युक्तिवाद मला मान्य नाही. ब्राउझर आणि कर्नेलमधली सुरक्षेची भोकं अपडेटनेच बुजतात. बूट होताना ग्रबच्या मेनूतून जुना कर्नेल निवडून पाहावा, पण निदानापुरताच: तिथे व्हिडिओ सुरळीत चालला, तर संशय नव्या कर्नेलवर किंवा त्याच्याशी न जुळलेल्या मॉड्यूलवर येतो. हे सामान्य माणसाला कसं जमणार, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकट्याने जमणं अवघडच. पण बंगळुरूत ही अडचण फार आधी ओळखली गेली होती. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी घरोघर पोचवण्यात पुढाकार घेणारे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांनी इथे २००१ पासून 'लिनक्स बँगलोर' परिषद उभी केली. पुढे तीच 'फॉस डॉट इन' झाली. अशा मेळाव्यांमुळे अडलेल्याला जाणकार सापडतो. त्याला विचारताना नुसतं 'व्हिडिओ स्लो आहे' म्हणू नये. ग्राफिक्स कार्ड कोणतं, कर्नेलची आवृत्ती कोणती, व्हीएइन्फोने काय दाखवलं आणि शेवटच्या अपडेटमध्ये कोणती पॅकेजेस बदलली, एवढं सांगावं. यातलं शेवटचं उबुंटूत एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये आणि फेडोरात 'डीएनएफ हिस्टरी'त नोंदलेलं असतं.