तळ्याकाठची सहल : नवेगाव बांध

शाळेची सहल ठरली की गुरुजींपुढे पहिला प्रश्न येतो तो गाडीभाड्याचा, आणि मुलांपुढे तो डब्याचा. तिथे जाऊन करायचे काय, हा प्रश्न बहुधा पोहोचल्यावरच पडतो. किल्ला असला तर बुरूज दाखविता येतो, देऊळ असले तर दर्शन होते. तळ्यावर काय दाखवायचे? पाणी तर सगळ्यांनीच पाहिलेले असते! म्हणून आज तुम्हाला एका तळ्यावर न्यावे म्हणतो.

हे तळे नवेगाव बांधचे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ते आहे. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारी आगगाडी या भागातून जाते, मोटाररस्ताही चांगला आहे. तिन्ही बाजूंना टेकड्या, मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय आणि भोवती जंगल. १९७५ साली या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की हे निसर्गानेच घडविलेले सरोवर. ते तसे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले. कोहळी समाज तळी बांधण्यात वाकबगार. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखायचा, दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची आणि ती मातीच्या पाळीने बुजवायची, ही त्यांची विद्या. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. पाळ पुरी व्हावी म्हणून या सात बहिणींनी कोलू पाटलांना हात दिला, अशी कथा सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात अशी लहानमोठी तळी हजारोंनी आहेत. पुढे ती मालगुजारांच्या ताब्यात होती. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तेव्हा ती ‘माजी मालगुजारी’ झाली आणि लोकांच्या तोंडी त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. मामाच्या गावाला जाणे ते हेच, असे एखादे मूल म्हणाले तर त्याला रागावू नका.

आता मुलांना पाळीवर उभे करा आणि विचारा, हे पाणी कुणाचे?

उत्तर एक येणार नाही, आणि यायलाही नको. तळे बांधले ते धानासाठी. पाऊस ऐन वेळी दडी मारतो, ओंब्या भरण्याच्या वेळी पाणी लागते, तेव्हा पाळीतले तुडुम उघडतात आणि पाणी पाटाने बांधीत उतरते. तुडुम म्हणजे तळ्यातून पाणी सोडायचे तोंड. दुसरा हक्कदार ढीवर. त्याचे पोट मासळीवर, आणि पहाटे आपण पाहायला जातो तेव्हा त्याचा अर्धा दिवस झालेला असतो. तिसरी हक्कदार पाखरे. आपण सहलीवाले चौथे, आणि सगळ्यांत शेवटी आलेले.

पाखरांचे गणित समजले की तळे वाचता येऊ लागते. ते पाण्याच्या खोलीवर बसविलेले आहे. अगदी काठच्या ओल्या चिखलात तुतवार चोचीने किडे वेचीत पळतो. त्याच्या पुढे, घोटाभर पाण्यात, लांब लाल पायांचा शेकाट्या. गुडघाभर पाण्यात तलवार बदके. ती बुडी मारीत नाहीत, डोके खाली आणि शेपूट वर करून मान पोहोचेल तेवढेच खातात. आणखी आत टिबुकली बुडते ती भलतीकडेच वर येते. पाणकावळा मासा पकडून खुंटावर पंख पसरून बसतो, धोतर वाळत घातल्यासारखा. कमळाच्या पानांवर चालतो तो कमळपक्षी. त्याची बोटे इतकी लांब, की भार पसरतो आणि पान बुडत नाही. एवढे एक उदाहरण दिलेत तर भाराचा आणि क्षेत्रफळाचा धडा फळ्यावर घालवायला नको.

आणि इथे एक गंमत आहे. तुडुम उघडले, पाणी उतरले, की काठचा नवा चिखल उघडा पडतो. त्यात किडे, गोगलगायी, बिया. शेतकऱ्याचा पाट वाहू लागतो तशी पाखरांची पंगत वाढत जाते. हिवाळ्यात उत्तरेकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, चक्रवाक येतात. त्यांचा मुक्काम या उतरत्या पाण्यावर. पण पाणी अगदी तळाला गेले, किंवा बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळला, तर मासळीही जाते आणि पाखरेही. गोंदिया-भंडाऱ्यातल्या काही तळ्यांत ढीवर समाजातील बायाबापड्यांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. कंबरभर चिखलातले ते काम आहे. महाराष्ट्रात आता मुख्यतः याच भागात उरलेला सारस अशाच तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांवर जगतो, आणि तोही मोजकाच.

म्हणून मुलांनी दगड मारून पाखरांचा थवा उडविला की नुसता खोडसाळपणा होतो असे नव्हे. परतीच्या लांब वाटेसाठी साठविलेली शक्ती त्या उड्डाणात फुकट जाते. कर्णे, ढोल, गाणी मुक्कामाच्या जागी ठेवा.

दोन गोष्टी मात्र कडकपणे पाळाव्यात. पाण्यात उतरायचे नाही. बांधलेल्या तळ्याचा तळ सपाट नसतो, माती काढल्याचे खड्डे असतात, गाळात पाय रुततो, आणि तुडुम चालू असले तर तिथली ओढ काठावरून दिसत नाही. पोहता येणारी मुलेही त्यात सापडतात. नावेत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट हवे. एक कमी पडले तर एक मूल काठावर, गुरुजींसह. दुसरे, जंगलात पायी हिंडायचे नाही. तिथे ठरलेल्या फाटकातून, परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच जाता येते.

थंडीचे दिवस, उजाडतानाची वेळ, एखादी दुर्बीण मिळाली तर उत्तम. न मिळाली तरी वही-पेन्सिल पुरे. दहा-दहा मुलांची टोळी करून प्रत्येकीला काठाची एकच जागा द्या आणि तासभर बसू द्या. पहिली पंधरा मिनिटे चुळबूळ होईल, होऊ द्यावी. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावात बरीच वर्षे काढली आणि पाखरांची बोलीतली नावे गोळा करून आपल्या पक्षिकोशात घातली. मुलांनाही तेच काम सांगता येईल. तलवार बदकाला घरी आजी काय म्हणते? टिबुकलीला ढीवर काय म्हणतो? पुस्तकातले नाव एका रकान्यात, गावचे दुसऱ्यात. नवेगाव लांब पडत असेल तर गावच्या बोडीवर येत्या रविवारी सुरुवात करा; तिथे टिबुकली बहुतेक भेटेलच.