शीरमाल आणि देग : मोठ्या समुदायासाठी अन्न भाजणे व शिजविणे

लखनौच्या चौक भागात शीरमालवाली गली या नावाने प्रसिद्ध असलेली एक अरुंद गल्ली आहे. तेथील भट्ट्यांतून केशरी रंगाची, किंचित गोड, वाटोळी रोटी निघते. फारसी भाषेत 'शीर' म्हणजे दूध. मुख्यतः मैदा, दूध, तूप व थोडी साखर यांतून ही रोटी सिद्ध होते. लग्नकार्याची अथवा मोहरमच्या मजलिशीत वाटण्यासाठी मागणी आली, म्हणजे भटाऱ्याला, ज्याला लखनौत नानबाई म्हणतात, शेकडो शीरमाल भाजावे लागतात. अशा वेळी तो शीरमालाची जाडी वाढवीत नाही; संख्या वाढवितो. असे का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

भाजल्या जाणाऱ्या पिठाच्या गोळ्यात उष्णता बाहेरून आत जाते आणि हा प्रवास फार संथ असतो. त्याचा नियम असा की, जाडी दुप्पट झाली तर मध्यभाग तापण्यास दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. चॉकलेटच्या ब्राऊनीचे उदाहरण घ्यावे. तीन सेंटिमीटर जाडीचा थर अर्ध्या तासात भाजून होत असेल, तर शंभर पाहुण्यांसाठी तेच मिश्रण खोल भांड्यात सहा सेंटिमीटर भरल्यास दोन तासांची तयारी ठेवावी लागेल. तोपर्यंत कडा करपतील, आणि मध्यभाग कदाचित ओलाच राहील. उलट, थराची जाडी तीच ठेवून पसरट थाळा घेतला, तर पूर्वीइतक्याच वेळात काम होते. गृहिणीला पाककृतीतील जिन्नस चौपट करता येतात. खोली मात्र चौपट करता येत नाही.

आता बाहेरचा पापुद्रा आधी का करपतो ते पाहू. पिठातील पिष्ट ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या सुमारास पाणी शोषून फुगते आणि रोटीला आकार येतो. परंतु पिठात ओल आहे तोवर आतील उष्णतामान १०० अंशांच्या वर जात नाही. येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात, म्हणजे तेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापविण्यास लागते त्याच्या पाचपटींहून अधिक. पृष्ठभाग मात्र लवकर कोरडा पडतो, १४० अंशांच्या पुढे जातो, आणि तेथे प्रथिने व शर्करा यांच्या संयोगाने तांबूस रंग व खमंग वास उत्पन्न होतो. शीरमालावर केशरमिश्रित दूध शिंपडतात, त्यात दुहेरी हेतू साधतो. दुधातील पाणी पृष्ठभागाला क्षणभर थंड ठेवते आणि मागे राहिलेली दुग्धशर्करा व प्रथिने रंग गडद करतात. वर टोचलेल्या छिद्रांतून वाफ निघून जाते, म्हणून रोटी पुरीसारखी टम्म फुगत नाही.

तंदूरालाही मर्यादा आहेत. ओल्या पिठाची प्रत्येक नवी खेप भिंतीतील साठलेली उष्णता ओढून घेते. खेपा घाईघाईने लावल्या तर तंदूर निवतो आणि नंतरच्या रोट्या फिकट पडतात. म्हणून अनुभवी नानबाई दोन खेपांमध्ये भिंतीला पुन्हा तापू देतो.

याच शहरात दुसरा मार्गही रूढ आहे: एकच मोठी देग. नवाब आसफउद्दौला याने १७८४ मध्ये दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधावयास घेतला आणि मजुरांसाठी पिठाने तोंड बंद केलेल्या देगांत अन्न शिजवून ठेवले जाई. तेथूनच 'दम'ची पद्धत निघाली, असे सांगतात. कथा सुंदर आहे, परंतु अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त दमपुख्ताचा उल्लेख आधीच आढळतो. १८३८ च्या सुमारास बांधलेल्या हुसेनाबाद इमामबाड्याच्या स्वयंपाकघरातूनही रमजानात अन्नवाटपाची प्रथा चालत आली आहे.

देग मोठी असण्याचा लाभ निराळा आहे. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर पृष्ठफळ चौपट, पण घनफळ आठपट होते. अन्नाच्या प्रत्येक शेराच्या वाट्यास उष्णता गमावणारा पृष्ठभाग निम्माच येतो. त्यामुळे तोंड बंद केलेली मोठी देग मंद निखाऱ्यांवरही तासन्‌तास गरम राहते. ती राहते तोवर उत्तम.

धोका उरलेल्या अन्नाचा आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकून राहतात. अन्न ४३ ते ४५ अंशांपर्यंत निवले की अनुकूल स्थितीत हे जंतू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत एकाचे चार हजारांवर. मोठी देग झाकून ठेवली तर ती याच टप्प्यात बराच वेळ रेंगाळते. घट्ट बिर्याणीत तर अभिसरणही होत नाही. रश्शाच्या मानाने ती अधिकच सावकाश निवते. मेजवानीनंतर दुसऱ्या दिवशी अनेकजण एकदम आजारी पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून पंगत उठताच उरलेले अन्न चार-पाच सेंटिमीटर खोलीच्या उथळ परातींत पसरावे, दोन तासांच्या आत ते सुमारे २० अंशांपर्यंत आणावे व लगेच शीतकपाटात ठेवावे. पुन्हा वाढण्यापूर्वी ते केवळ कोमट करून भागत नाही. मध्यभागातून वाफ येईपर्यंत तापवावे लागते.