सोलापूर आणि हेबेई : दोन देशांचे हवामान, एका डॉक्टरची वाट

सोलापूरच्या भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, उत्तर चीनच्या हेबेई प्रांतात त्यांचे निधन झाले. त्यांच्या सेवेची कथा आपण सारे जाणतो. परंतु ज्या भूमीतून ते गेले आणि ज्या भूमीत ते राहिले, त्या दोहोंमधील निसर्गाचे नाते मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते समजून घेण्याचा हा एक प्रयत्न.

सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसतरा अंशांच्या थोडे पुढे आहे. हेबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग ३८ अंशांवर आहे. दोहोंमधील सरळ अंतर चार हजार किलोमीटरहून अधिक भरते. इतक्या दूरच्या दोन प्रदेशांत साम्य कसले असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पहिले साम्य पावसातच आढळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने सोलापूर परिसरात वर्षाकाठी साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शिजियाझुआंग परिसराचे प्रमाणही ५०० मिलिमीटरच्या आसपासच आहे. दोन्हीकडे तो पाऊस उन्हाळी मोसमी वाऱ्यांचा आहे. उन्हाने आशिया खंडाची भूमी तापते, हवा विरळ होऊन वर चढते आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे तिकडे धाव घेतात. आपल्याकडे ते अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावरून येतात, तर हेबेईकडे प्रामुख्याने दक्षिण चिनी समुद्र व पॅसिफिक महासागराच्या बाजूने. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा जोर असतो; आपल्याकडे सप्टेंबरच्या परतीच्या सरींवर शेतकऱ्याची खरी भिस्त असते.

फरक जाणवतो तो हिवाळ्यात. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे अंगावर एखादी घोंगडी पुरते. शिजियाझुआंगचे जानेवारीचे सरासरी तापमान मात्र शून्याच्या खाली जाते. याचे एक कारण अक्षांश होय. डिसेंबरच्या अखेरीस सोलापूरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तेथील दिवस साडेनऊ तासांचा. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते. हेबेईत तसे कधीच घडत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात सायबेरिया व मंगोलियावरील थंड, कोरडी हवा दक्षिणेकडे लोटते. हेबेईला ती थेट झोडपते. भारताकडे येताना मात्र तिला तिबेटचे पठार आणि हिमालय आडवे येतात. सरासरी साडेचार हजार मीटर उंचीची ही भिंत नसती, तर उत्तर भारताचा हिवाळा कितीतरी कठोर झाला असता.

ही भिंत वाऱ्याला अडवते, तशीच माणसालाही वळसा घालायला लावते. सातव्या शतकात चीनमधून निघालेला बौद्ध भिक्खू ह्युएनत्संग मध्य आशियातून पठाराला वळसा घालून भारतात आला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि येथील जमीन सुपीक व हवा उष्ण असल्याचे त्याने नोंदविले. सुमारे तेराशे वर्षांनी डॉ. कोटणीस उलट दिशेने निघाले, तेव्हा त्यांनीही वळसाच घेतला; तो मुंबईहून समुद्रमार्गे होता.

१९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. तेथील माती पाहून दख्खनच्या माणसाला नवल वाटावे. आपली काळी माती लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. ती ओल धरून ठेवते. येनानची पिवळी माती वाऱ्याने वाळवंटी प्रदेशातून लाखो वर्षे वाहून आणलेल्या धुळीची आहे आणि काही ठिकाणी तिचा थर शंभर मीटरहून जाड आहे. तीच वाहून नेल्याने ह्वांग हो ही ‘पीत नदी’ ठरली. ही माती उभी कापली तरी सहसा ढासळत नाही. म्हणून लोक तिच्यात गुहा कोरून राहतात. त्या हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड असतात. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीही हेच काम करीत. धान्यातही असेच साम्य आहे. कमी पावसात येणारे राळे हे उत्तर चीनचे पुरातन अन्न. ज्वारीही तेथे पिकते. सोलापूरची शाळू मात्र पाऊस सरल्यावर जमिनीतील ओलीवर वाढते. तेथील गोठवणाऱ्या थंडीत ते शक्य नाही.

दोन्ही प्रदेशांचे दुःखही एकाच आभाळाखालचे आहे. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ आणि त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये लाखो बळी घेणारा दुष्काळ, दोहोंमागे पॅसिफिक महासागराचे पाणी असाधारण तापणे, म्हणजे एल निनो, हे एक प्रमुख कारण मानले जाते. पाऊस रुसणे माणसाच्या हाती नाही. परंतु पडलेले पाणी कसे वापरावे, हे त्याच्या हाती आहे. सोलापूरजवळचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, पुढे उजनी धरण आले. तरीही कूपनलिका खोल-खोल जातच आहेत. हेबेईतही गव्हासाठी भूजलाचा अतोनात उपसा झाला. २०१४ पासून दक्षिणेकडील पाणी हजार किलोमीटरहून लांब कालव्याने तिकडे आणावे लागत आहे.

दुष्काळी गावांतून आलेल्या आपल्या मुलांना भूगोल शिकविताना हे आवर्जून सांगितले पाहिजे. टंचाई हे आपल्याच कपाळी लिहिलेले नशीब नव्हे. तिला कारणे आहेत आणि कारण कळले की उपाय शोधता येतो. कमी पावसाच्या एका जिल्ह्यातून निघून कमी पावसाच्या दुसऱ्या मुलखात, कितीतरी कडक थंडीत, परक्या माणसांची सेवा करीत डॉ. कोटणीस राहिले. पुढच्या वेळी त्यांच्या स्मारकाशी मुलांना न्याल, तेव्हा नकाशाही सोबत घ्यावा. त्या नकाशावरील भिंत किती उंच आहे, हे त्यांना दाखवावे; आणि तिला वळसा घालून माणसे दोन्ही दिशांनी कशी गेली, हेही.